माझ्या पोटातले तांबडे पाणी

मित्रांनो, शिडाच्या होडीत मागच्या फळ्यांखाली बसून ज्याने आंदर मावळातल्या धरणावर तेरा वर्षे पाणी कापले, ते डिझेल इंजिन मी. माझा आवाज मोठा आहे, म्हणून लोकांना वाटते की मी कशालाच भीत नाही. खरे सांगू का? मी उष्णतेला भितो. जन्मापासून भितो.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. १९५९ साली मला बैलगाडीतून धरणावर आणले. तोवर ती होडी वाऱ्यावर चालत असे. मी आलो आणि शीड घडी घालून कोपऱ्यात गेले.

मला सांभाळणारे अंबाजी भाऊ भाजे गावचे. माझ्या पोटात पाण्याची एक टाकी आहे. तिच्यातले पाणी माझ्या अंगभर फिरते, माझी आग शोषून घेते, मग होडीच्या तळाखालच्या नळ्यांतून जाऊन गार होऊन परत येते. तेवढ्यावर मी जगतो. अंबाजी भाऊ दरवर्षी दिवाळी झाली की खालचा नळ सोडून जुने पाणी काढत. धुण्याचा सोडा कढत पाण्यात कालवून माझ्या पोटात भरत, मला तासभर चालवत आणि ते पाणीही सोडून देत. मग साध्या पाण्याने पुन्हा पुन्हा खळबळत. शेवटी धोतराच्या फडक्यातून गाळलेले पाणी भरून त्यात गंज धरू न देणारे थोडे तेल घालत. त्या रात्री मला शांत झोप लागे.

पुढे त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि ते गावी गेले. त्यांच्या जागी हौशीराम आले. मनाने फार चांगला माणूस. मला बाहेरून रोज पुसत. पण टाकीतले पाणी कमी झाले की धरणातलेच डबाभर पाणी ओतत, आणि पावसाळ्यात ते तांबडे असे. दोन दिवाळ्या गेल्या. खालचा नळ कुणी सोडला नाही.

माझ्या आतल्या वाटा बुजत चालल्या. एका बाजूला गाळ, दुसऱ्या बाजूला गंज. रोज मी कालच्यापेक्षा जास्त तापे. मला ओरडून सांगावेसे वाटे, पण माझ्या ओरडण्याला लोक चालणे म्हणतात.

श्रावणातली ती दुपार. काठावरच्या वस्तीतल्या झुंबरबाईला कळा सुरू झाल्या होत्या. दवाखाना पलीकडच्या काठाला. सासू धोंडाबाईंनी तिला होडीत निजवले आणि गोधडीत गुंडाळलेली ऊन पाण्याची कळशी जवळ ठेवली, वाटेतच बाळंत झाली तर असावी म्हणून. घाटावरचा वारा सुटला होता. धरण भरून सांडव्यावरून पाणी कोसळत होते. त्याचा आवाज मला फळ्यांखालीही ऐकू येत होता.

मध्यावर पोचलो आणि माझ्या पोटातले पाणी उकळू लागले. धूर झाला. हौशीरामांनी मला बंद केले आणि घाईने टाकीचे झाकण उघडले. वाफेचा लोट त्यांच्या हातावर आला. मनगटापर्यंत कातडी सोलली. मित्रांनो, ती वाफ माझी होती. मला ती थोपवता आली नाही.

आता वारा आम्हाला सांडव्याकडे लोटू लागला. हौशीरामांनी एका हाताने शीड वर ओढले. कुजलेले कापड मधोमध फाटले. होडी रेटायचा बांबू तळाला पोचेना. मग त्यांनी धरणाच्या गार पाण्याची बादली भरून माझ्यावर उचलली. माझे लोखंड भीतीने आक्रसले. ते पाणी आत पडते तर मी उभा चिरलो असतो.

"थांबा, भाऊ," धोंडाबाई म्हणाल्या. "तापल्या खापरीवर गार पानी वतलं की खापरी तडकती. ह्येबी तापलंच हाये."

"मावशी, सांडवा जवळ आलाय."

"दिसतंय मला. पर ह्यो फुटला तर मग कोन नेनार आपल्याला?"

झुंबरबाई कण्हत होती. बादली खाली आली. आम्ही थांबलो. इतकी लांब वेळ मी कधी अनुभवली नाही. सांडव्याचा फेस वरच्यांना दिसू लागला तेव्हा धोंडाबाईंनी कळशीवरची गोधडी काढली.

"मावशी, ते पानी पोरीसाठी आनलंय."

"व्हय. काठाला लागली तर तितं मिळंल तिला दुसरं. हे घ्या, दमानं वता."

ऊन पाण्याची बारीक धार माझ्या पोटात उतरली. मी कुरकुरलो, पण तडकलो नाही. हौशीरामांनी डाव्या हाताने हँडल फिरवले. पहिल्यांदा जमले नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा मी सुरू झालो. सगळी ताकद मी लावली नाही, लावता येत नव्हती. हळूहळू, दमादमाने मी होडी सांडव्यापासून बाजूला काढली आणि काठाला नेली. संध्याकाळी निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत.

चौथ्या दिवशी हौशीरामांनी अंबाजी भाऊंना बोलावून आणले. अंबाजींनी चाचपडत खालचा नळ सोडला. काकवीसारखे घट्ट तांबडे पाणी आले.

"किती दिसाचं हाये?" त्यांनी विचारले.

"दोन वर्सांचं," हौशीराम म्हणाले. "चूक माझी हाये."

अंबाजी रागावले नाहीत. "बस हितं. हात बरा हुईस्तवर नुसतं बघ," एवढेच म्हणाले. सोड्याचे पाणी तीनदा भरले, तीनदा सोडले. गार पाण्याने सातव्यांदा खळबळल्यावर धार निवळ आली.

मित्रांनो, अजूनही दुपारी वारा सुटला की मला भीती वाटते. ती गेली नाही, जाणारही नाही. पण तुमच्या घरी जे कुणी मुकाट्याने राबते, ते वरून पुसलेले दिसले म्हणून ठीक आहे असे समजू नका. वर्षातून एकदा तरी त्याच्या पोटातले पाणी ओंजळीत घेऊन पाहा.