आधीचं एक मिनिट

परीक्षा घेणाऱ्या कौशल्या सिस्टरांचं अकोल्याहून आलेलं पत्र अंजनगावच्या दवाखान्यातल्या नर्स उज्माच्या पर्समध्ये तीन आठवडे पडून होतं. 'फेरपरीक्षेला येतेस की नाही, महिनाअखेरपर्यंत लेखी कळव. तू पास झाली नाहीस तर पात्र नर्सअभावी अंजनगावचा नवजात कक्ष बंद होईल, बाळं अमरावतीला पाठवावी लागतील.' बोंडअळीनं कपाशी खाल्लेल्या त्या साली गाडी करून अमरावती गाठणं कोणाला जमणार होतं?

तरी तिला उत्तर लिहवेना. परीक्षा संगणकावरची. पडद्यावर बाळ जन्मलेलं असायचं, निपचित, निळं. कोपऱ्यात साठ सेकंदांचं घड्याळ धावत सुटायचं. अकरा वर्षं खरी बाळं हाताळलेल्या उज्माच्या हातून ते पडद्यावरचं बाळ तीनदा गेलं. दर वेळी माउस सोडून ती आधी तळहात चोळायची, मग श्वास द्यायचा मास्क शोधायची. तोवर पडदा काळा. मागे बसलेल्या शिकाऊ पोरी फिदीफिदी हसल्या होत्या, "मॅडम, माउसले थंडी वाजून राहिली का?"

तेव्हापासून आपल्याच हातांची तिला धास्ती वाटू लागली होती.

मुदतीला चार दिवस उरले असताना सकाळीच चंदा बाळंतपणाला आली. सासू मैनाबाई दाराशी उभी. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अडकलेले. आणि बाळ आलं ते तसंच, निपचित, निळं.

 उज्मानं बाळ पुसलं, पाठ चोळली. रडेना. मास्क तोंडावर बसवून ती त्याला जोडलेला हवेचा फुगा दाबू लागली.

"बाई, लेकरू रडून काहून नाही राहिलं?"

"मोजू द्या, आजी!"

"मोजा ना! म्या काय तुमचे हात धरले?"

विसाव्या दाबाला बाळानं पाय झाडला आणि टाहो फोडला.

मैनाबाईनं पदरानं डोळे पुसले. "चंदा कळा देऊन राहिली होती, तवाच तुमी हात चोळून राहिल्या होत्या. मले वाटलं, बाईलेच थंडी वाजून राहिली."

उज्मा थबकली. खरंच की. हात गरम करणं, फुगा दाबून पाहणं, मास्क उशाशी ठेवणं, सगळं तिनं बाळ येण्याआधीच उरकलं होतं. नेहमीच उरकायची. पडद्यावर ते आधीचं मिनिट नव्हतंच. तिचे हात तेच शोधत बसायचे.

दुपारी तिनं लिहिलं, 'सिस्टर, येते. पुन्हा नापास झाले तरी येते. फक्त घड्याळ सुरू होण्याआधी एक मिनिट तयारीला द्या.'

पोरी पुन्हा हसतील का? हसतीलही. पोस्टाच्या पेटीपाशी ती बराच वेळ पाकीट हातात धरून उभी राहिली. मग टाकलं.