काटा नंबर दोनचं उत्तर

पाळी गावातल्या ट्रकमालकांच्या संस्थेची एक साधी वेबसाइट आहे. आज कोणत्या ट्रकचा कितवा नंबर आणि कोणत्या वजनकाट्यावर किती गाड्या उभ्या, एवढंच तिच्यावर दिसतं. पावसाळ्यात खनिजाची वाहतूक बंद असते, त्यामुळे चार महिने तिच्याकडे कोणी फिरकत नाही. यंदा दिवाळीनंतर ट्रक पुन्हा रस्त्यावर आले आणि पहिल्याच सकाळी पान उघडायला अर्धं मिनिट लागायला लागलं.

दोडामार्गाहून येणारा भिकाजी ड्रायव्हर कोऱ्या पडद्याकडे बघून कंटाळला आणि त्याने पुन्हा बटण दाबलं. मग आणखी एकदा. त्याच्यासारखे साठेक जण तेच करत होते. थोड्या वेळाने पान उघडणंच बंद झालं. माणसं संस्थेच्या कचेरीत येऊन जनेलातून डोकं घालून नंबर विचारू लागली. आत कचेरीचं काम बघणाऱ्या देवकीला सकाळपासून पाणी प्यायलाही सवड मिळाली नाही.

आठवडाभर असं चालल्यावर अध्यक्ष मधुकरबाब यांनी ठरवलं, की सर्व्हर लहान पडतो आहे, मोठा घेऊया. पण घेण्याआधी कुणाला तरी विचारावं म्हणून त्यांनी गौरवीला बोलावलं. गौरवी त्यांच्या मावसभावाची मुलगी. डिचोलीतल्या घरी बसून ती एका कंपनीचे सर्व्हर सांभाळते. शनिवारी सकाळी ती स्कूटरवरून आली, देवकीच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि लॅपटॉप उघडला.

आधी तिने सर्व्हरवर किती ताण आहे ते पाहिलं. ताण जवळजवळ नव्हताच. मेमरी अर्धी रिकामी होती. मग इंटरनेटमुळे उशीर होतो का हे कळावं म्हणून तिने ते पान सर्व्हरच्या आतूनच मागवून बघितलं. तरी तीस सेकंद. नंबरांची यादी वेगळी मागवली, तर ती डोळ्याचं पातं लवायच्या आत आली.

तिने पानच पुन्हा पाच वेळा मागवलं आणि प्रत्येक वेळची वेळ कागदावर लिहिली. तीस, तीस, तीस, तीस, तीस. इथे ती थबकली. गर्दीमुळे उशीर झाला असता, तर कधी वीस, कधी चाळीस सेकंद लागले असते. दर वेळी नेमके तीस लागतात, म्हणजे सर्व्हर काही काम करत नाही, कुणाच्या तरी उत्तराची वाट बघत बसतो, असं तिला वाटलं.

मग तिने प्रोग्रामच उघडला. तो लिहिणारा मुलगा केव्हाच परदेशी गेला होता, पण लिहिलं होतं नीट. पान दाखवण्याआधी प्रोग्राम दोन्ही काट्यांवरच्या मशीनना विचारत होता, तुमच्याकडे किती गाड्या आहेत? तीस सेकंदांत उत्तर आलं नाही, तर कुणालाही काही न सांगता पुढे जात होता. काटा एक लगेच बोलत होता. काटा दोन गप्प होता.

देवकीने संस्थेत यायच्या आधी खाणीच्या काट्यावर चौदा वर्षं काढली होती. गौरवीने तिलाच विचारलं, "देवकीमावशी, काटा दोनचं मशीन बंद आहे का?"

"काटा दोन आता आहे कुठे गो?" देवकी म्हणाली. "गणेश चवथीच्या आधीच क्रेन लावून उचलला तो. खाली खड्डा तेवढा राहिला आहे. बेडूक असतात त्यात."

गौरवीला हसू आवरेना. आपण काय विनोद केला ते देवकीला कळेना. मग गौरवीने तिला समजावून सांगितलं, की जो कोणी पान उघडतो त्याच्यासाठी सर्व्हर आधी त्या खड्ड्याला विचारतो आणि अर्धं मिनिट थांबतो. साठ माणसांनी चार-चार वेळा बटण दाबलं, की वाट बघणाऱ्यांचीच एवढी रांग होते की नव्या माणसाला आत जागाच राहत नाही. आता देवकीही हसायला लागली. काटा उचलला त्या दिवशी ती स्वतः तिथे उभी होती, पण हे सर्व्हरला कळवायला हवं असं तिच्या काय, कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

गौरवीने काटा दोनचं नाव काढून टाकलं. सर्व्हर आता पाव सेकंदात उत्तर द्यायला लागला. पण फोनवर बघितलं, तर पान भरायला अजून सात-आठ सेकंद जातच होते. याचं कारण शोधायला लागलं नाही, सांगायला मात्र जीवावर आलं. पानाच्या माथ्यावर वार्षिक सभेतला, हार घातलेला मधुकरबाबांचा फोटो होता. कॅमेऱ्यातून निघाला तसाच, प्रचंड मोठा.

मधुकरबाब आत आल्यावर गौरवीने शक्य तितक्या हळुवारपणे सांगितलं.

"काढायचा?" त्यांनी विचारलं.

"काढायचा नाही, काका. हलका करायचा. दिसायला तसाच दिसेल."

"मग कर. हार मात्र दिसला पाहिजे."

तिने फोटो हलका केला. मधुकरबाब अंगणात जाऊन स्वतःच्या फोनवर पान उघडून आले. ते लगेच उघडलं आणि हारही दिसला. मोठ्या सर्व्हरसाठी लिहून ठेवलेलं मागणीचं पत्र त्यांनी तिथल्या तिथे फाडलं. मग त्यांनी उंडे पाव आणि पातळभाजी मागवली.

खाताखाता देवकीने विचारलं, की उद्या दुसरं एखादं मशीन काढलं, तर पुन्हा हेच होणार का? प्रश्न बरोबर होता. गौरवीने हात पुसले आणि परत लॅपटॉप ओढला. आता दोन सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पान न थांबता उघडेल आणि कोण गप्प आहे ते देवकीच्या पडद्यावर लाल अक्षरांत येईल, अशी सोय तिने केली.

सोमवारी सकाळी सव्वाआठला लाल अक्षरं आली. काटा एक उत्तर देत नाही. देवकीने लगेच तिथल्या माणसाला फोन लावला. त्याने स्वतःचा मोबाइल चार्ज करायला मशीनचा प्लग काढला होता.

"तो आधी परत लाव," देवकी म्हणाली, "मी फोन धरून आहे."

लाल अक्षरं गेली. तिने फोन ठेवला, जनेलाबाहेर बघितलं. तिथे कोणीच उभं नव्हतं. मग तिने डिचोलीला गौरवीला फोन केला आणि सगळी हकीकत पहिल्यापासून सांगितली.