रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साठी

उलकानची साठी होती आणि हॉलमध्ये दोनशे खुर्च्या नुसत्याच बसून होत्या.

दुपारचा एक वाजून गेला होता. मागच्या अंगणात मांस पहाटेपासून शिजत होतं, इतकं की आता हाडांनाही कंटाळा आला असावा. टेबलांवर कणकेच्या तळलेल्या तुकड्यांच्या, बोरसोकांच्या, राशी होत्या, जर्दाळू होते, घोड्याच्या मांसाची सॉसेजं होती, आणि प्रत्येक ताटलीवर घडी घातलेला रुमाल होता. माणसं मोजून सात. त्यांतल्या तीन वाढायला आलेल्या पोरी, एक ध्वनिवर्धकवाला, एक सूत्रसंचालक, एक सून आणि सातवी उलकान स्वतः. नवी रेशमी ओढणी, मांडीवर जुना ॲकॉर्डियन, आणि डोळे दाराकडे.

कोचकोर खोऱ्यातली एकही लेक गेल्या चाळीस वर्षांत उलकानच्या गाण्याशिवाय सासरी गेली नव्हती.

*लेक निघाली खिंडीपार, घोडा उडवी मागे माती,*
*माय सांगे वाऱ्याला, दे रे निरोप तिच्या हाती.*

हे गाणं तिने सुरू केलं की ट्रकचे ड्रायव्हरसुद्धा टोपी डोळ्यांवर ओढून घ्यायचे. रेडिओवर ती होती, कॅसेटवर होती, आता पोरांच्या फोनमध्येही होती. आणि आज तिच्या साठीला कुणी नव्हतं.

कारण रस्त्याच्या पलीकडच्या हॉलमध्ये सेयितालीची साठी होती.

सेयिताली कोमुझ वाजवायचा. तारा तीनच, पण त्या तिनांत तो नदी आणायचा, घोडे आणायचे म्हटले तर घोडेही आणायचा. तोही रेडिओवर, तोही कॅसेटवर. दोघांची जन्मतारीख एकच: बारा ऑक्टोबर. सालही एकच. यात ग्रहताऱ्यांची काही करामत नव्हती. त्या वर्षी दोघांच्याही आया उन्हाळी कुरणावर होत्या. ग्रामसोव्हिएतचा कारकून वर्षातून एकदाच, कळप खाली उतरायच्या वेळी, घोड्यावरून वर यायचा. त्या उन्हाळ्यात कुरणावर जन्मलेली झाडून सगळी पोरं त्याने त्याच दिवसावर लिहून टाकली आणि दूध पिऊन तो परत गेला. अकरा पोरं होती. त्यांतली नऊ मेंढपाळ, मास्तर, ड्रायव्हर झाली आणि तारखेवरून कधी भांडली नाहीत. दोन मात्र गाणारी निघाली.

बावीस वर्षांपूर्वी एका लग्नात दोघांनाही बोलावणं होतं. दारासमोरची मानाची जागा एकच, आणि ती थोरल्याची. यजमान म्हणाला, "बसा." सेयिताली म्हणाला, "मी बसतो, मी थोरला." उलकान म्हणाली, "कशावरून?" कागद काढले. कागदांनी खांदे उडवले. दोघं उभी ती उभीच, मांसावर चरबीची साय धरेपर्यंत. तेव्हापासून खोऱ्यात कुणीही दोघांना एकाच मांडवात बोलावलं नाही, आणि धाकट्याने थोरल्याला आधी सलाम करायचा म्हणून दोघांनी एकमेकांना बावीस वर्षांत एक सलामही केला नाही.

"आई," सून बुरुल हळूच म्हणाली, "पलीकडे बघून येऊ का?"

"खबरदार! त्याच्याकडे किती गर्दी आहे ते ऐकायला माझ्याकडे कान नाहीत."

"बरं. मग मी कांदे आणायला जाते."

"कांदे आहेत."

"थोडे कमी आहेत," असं म्हणून बुरुल गेलीसुद्धा. परत आली ती ओढणी तोंडावर धरून. खांदे हलत होते. उलकानला वाटलं, पोर रडते आहे.

"इतके लोक आहेत का ग?"

"आई, तिकडे कावळासुद्धा नाही! सेयिताली दादा एकटेच पायरीवर बसलेत. डोक्यावर नवाकोरा कल्पाक घातलाय आणि सूर्यफुलाच्या बिया सोलतायत."

उलकानच्या छातीवर सकाळपासून कुणीतरी मेंढा बसवला होता, तो उठून गेला. ती हसली. आधी नाकातून, मग सगळ्या अंगाने. मग एकदम थांबली.

"पण मग कोचकोर गेलं कुठे?"

बुरुलने मामाला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मामा, कुठे आहात?"

"घरी. आजारी आहे."

"काय होतंय?"

"काय सांगू पोरी. तुझ्या सासूकडे आलो तर सेयिताली तोंड फिरवेल. त्याच्याकडे गेलो तर तुझी सासू माझ्या पोराच्या लग्नात गाणार नाही. त्यापेक्षा मी आजारी बरा. कपडे करून बसलोय बघ सकाळपासून. शेजारीपण आजारी आहेत. अख्खी गल्ली आजारी आहे."

उलकानने फोनवर हात ठेवला. कुणी तिला विसरलं नव्हतं. उलट सगळ्यांनी इतकी आठवण ठेवली होती की एकालाही घराबाहेर पडता येईना.

ती ॲकॉर्डियन गळ्यात अडकवून बाहेर आली. पॉप्लर पिवळे झाले होते, आणि त्यांची पानं रस्त्यावर अशी निवांत उतरत होती की जणू त्यांना दोन्हीकडचं आमंत्रण होतं. समोर सेयिताली उठून उभा राहिला. मध्ये दहा पावलांचा रस्ता.

"काय मग," तो ओरडला, "पाहुणे जेवून गेले वाटतं?"

"केव्हाच! तुमची कितवी पंगत? तिसरी?"

"चौथी."

एक गाढवगाडी मधून गेली. गाडीवाल्याने दोघांकडेही बघायचं टाळलं.

"मांस गार होतंय, उलकान."

"माझंही होतंय."

"मग या की इकडे."

"का? पाय तुम्हालाही आहेत."

रस्त्याकडेच्या घरांची फाटकं बंद होती, पण प्रत्येक फाटकाच्या फटीत एकेक डोळा होता. उलकानला तो जाणवत होता. आज रस्ता ओलांडला तर बावीस वर्षं ओलांडल्यासारखं होणार, आणि न ओलांडला तर हे दोनशे रुमाल घडी घातलेलेच राहणार. पाय उचलेना.

तेवढ्यात एक फाटक करकरलं. काठी टेकत बात्मा आपा बाहेर आली. वय अठ्ठ्याऐंशी. त्या उन्हाळ्यात कुरणावर ती गायी पिळायची, आणि बायका अडल्या की त्यांच्या पाठी धरायची.

"मला आता आजारी राहवत नाही," ती म्हणाली. "भूक लागलीय. काय चाललंय तुमचं रस्त्यात?"

"थोरलं कोण ते ठरत नाही आपा," सेयिताली म्हणाला.

"त्यात ठरवायचं काय? तू मेंढ्या कातरायच्या वेळचा. तुझ्या आईच्या केसांत लोकर अडकली होती, मीच काढली. आणि ही पहिला बर्फ पडला तेव्हाची. दुधं आटायला लागली होती. चार महिन्यांनी धाकटी आहे तुझ्यापेक्षा."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मला विचारलंत कुणी? तुम्ही कागदाला विचारलंत."

बावीस वर्षं उलकान ज्या वाक्याला घाबरून होती ते वाक्य भर रस्त्यात पडलं होतं, आणि काहीच मोडलं नाही. धाकटी. फक्त धाकटी. ओझं वाहणाऱ्या घोड्याचा पट्टा कुणी सैल करावा तसं तिला झालं. धाकटीने जायचं असतं. मग त्यात लाज कसली? ती चालू लागली. दहा पावलं होती, आठातच संपली.

"सलाम, दादा," ती म्हणाली. "साठ वर्षं तुझी सुखाची झाली, पुढचीही होवोत."

सेयिताली गोंधळला. त्याने मनात भांडण तयार ठेवलं होतं, आशीर्वाद नव्हता. मग थोरल्याने काय करायचं ते त्याला आठवलं. आज सत्कारात स्वतःच्या खांद्यांवर पडेल म्हणून शिवून घेतलेला मखमली चापान, तो पायघोळ डगला, त्याने आतून आणला आणि तिच्या अंगावर घातला. बाह्या तिच्या बोटांखाली लोंबल्या.

"घे. थोरलेपण महागच पडतं म्हणायचं."

फाटकं उघडली. कोचकोर एका क्षणात बरं झालं. भेटींची गाठोडी, पोरं, म्हातारे, आजारी मामा सगळ्यांच्या पुढे. कढई दांड्याला बांधून रस्त्यापलीकडे आली. जेवण थोरल्याकडे आणि जेवणानंतरचा चहा धाकटीकडे असं बायकांनीच ठरवलं, कुणाला न विचारता. खुर्च्या डोक्यावर घेऊन माणसं इकडून तिकडे पळत होती. बुरुल ओरडत होती, "सांभाळा, त्या भाड्याच्या आहेत!"

पंगत बसली तेव्हा उलकानने बात्मा आपाच्या पेल्यात चहा ओतला आणि कानाशी वाकून विचारलं, "आपा, खरंच चार महिने?"

म्हातारीने बोरसोक चहात बुडवला. "अग, अकरा पोरं रडत होती. आधी कोण रडलं ते कुणी मोजलं?"

उलकान तिच्याकडे बघत राहिली. मग दारासमोरच्या मानाच्या जागेकडे. सेयिताली तिथे ताठ बसला होता. समोर मेंढ्याचं उकडलेलं डोकं, हातात सुरी, आणि दोनशे लोकांची नजर. कान कुणाला, डोळा कुणाला, टाळू कुणाला, एकाचाही मान न दुखावता सगळं त्यानेच वाटायचं होतं. कल्पाकाखालून घामाचा ओघळ निघाला होता.

"उलकान," तो हळूच म्हणाला, "ये की जरा मदतीला."

"थोरल्यांचं काम थोरल्यांनी करावं, दादा," ती म्हणाली, चापानाच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या आणि ॲकॉर्डियनचा भाता उघडला.