ठकीचं पाठांतर

त्या काळी बालकल्याण कचेरीत नवी पद्धत सुरू झाली होती. घराविषयीचा अहवाल कोर्टात जाण्याआधी आई आणि मूल दोघांना समोर बसवून वाचून दाखवायचा, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. त्याआधी कागद परस्पर जात आणि पोरंही परस्पर जात. पद्धत चांगलीच होती. पण ठकीच्या आईला ती फास वाटली.

ती इस्पितळाच्या धुलाईघरात चादरींना इस्त्री करायची. पाळी संध्याकाळची, घरात दुसरं माणूस नाही. म्हणून ठकीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची. एकदा शेजारच्या घरात वायर जळली, धूर पसरला, पोर खिडकीतून ओरडली, लोक जमले. दाराला कुलूप पाहून कुणीतरी कळवलं आणि ठकीला बालगृहात नेलं. ती परत येणार की नाही, हे आता या अहवालावर होतं.

म्हणून भेटीला गेल्यावर आईनं तिच्याकडून घोकून घेतलं होतं: "आई माझी छान काळजी घेते. मला घरी मुळीच भीती वाटत नाही."

कचेरीतली खोली एवढीशी. खिडकी कपाटानं अडवलेली. अहवाल लिहिणाऱ्या ताई वाचत होत्या, "कुलपाचा विषय निघताच आई तावातावाने बोलते."

"तावातावानं कुठे, ताई? आमच्या यंत्रांपुढे ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. आवाजच तसा झालाय."

ताईंनी तेही लिहिलं. आई गप्प झाली. मग तिला वाटलं, गप्प बसलं तर 'हिला काही पडलेलं नाही' असं लिहितील. बोललं तर तापट, न बोललं तर निगरगट्ट. इकडे आड, तिकडे विहीर.

"ठकी, आता तुझी पाळी."

ठकी उभी राहिली, हात मागे बांधून. घडाघडा म्हणाली.

"बस गं, ही काय शाळा आहे? धूर झाला तेव्हा काय वाटलं?"

ठकीनं आईकडे पाहिलं. "मला घरी मुळीच भीती वाटत नाही."

"अंधार पडल्यावर?"

"मुळीच."

ताईंनी पेन खाली ठेवलं. "हे लिहीन मी. पण मूल पढवलेलं वाटतं, असंही लिहावं लागेल."

"ठके, खरं काय ते सांग," आई म्हणाली.

पोरीला वाटलं, ही परीक्षाच आहे. डोळे भरून आले, तरी हटली नाही. "हेच खरं आहे."

आईनं मान खाली घातली. "लिहा, ताई. मीच पढवलंय. भीती वाटते तिला. मी कुलूप काढते तेव्हा ती दारामागेच बसलेली असते, पायात चपला घालून. तिनं कधी सांगितलं नाही. मी बघते ना."

"हे लिहिलं तर इतक्यात ती घरी येणार नाही. कळतंय ना?"

"आणि नाही लिहिलं तर? पुन्हा तेच कुलूप, तेच दार."

ताईंनी पेन उचललं. आईचे शब्द जसेच्या तसे उतरवले. लिहिलेलं वाचून दाखवलं. आईनं सही केली.

"आई, असं काय गं! मी एवढं पाठ केलं होतं," ठकी कुजबुजली. "चुकलं का माझं?"

"नाही गं. एक शब्दही चुकला नाही."

"मग घरी जायचं ना?"

बालगृहाच्या बाई दारात येऊन उभ्या होत्या. ठकीनं आईची बाही मुठीत धरली. ती मूठ आईनंच सोडवली, एकेक बोट करून.