बॅटरीवरचं दार

“लाईट घालवतो बरं का,” न्यूट्रल बंद दाराला तोंड लावून ओरडला. “अंधार झाला की आतलं बटण दाब आणि बाहेर ये.” आतून बायकोने दारावर थाप मारली, म्हणजे कळलं.

न्यूट्रल हे काही त्याचं खरं नाव नव्हे. धंद्याने वायरमन. घरात आई आणि बायकोचं विळ्या-भोपळ्याचं सख्य, पण हा पठ्ठ्या कधी कुणाची बाजू घेईल तर शपथ. म्हणून बायकोनेच हे नाव ठेवलं आणि ते सगळीकडे झालं. आईला जाऊन वर्ष उलटलं, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

बियाण्यांच्या गोदामातली ही थंड खोली आधी आईच सांभाळायची. दाराला बोट ओळखणारं यंत्र बसलं, तेव्हा न्यूट्रलनेच सगळ्यात आधी तिचं बोट नोंदवलं होतं, क्रमांक एक. तिच्या माघारी नोकरी सुनेला मिळाली, तिचं बोट क्रमांक दोन. मॅनेजर म्हणाला होता, म्हातारीचं बोट पुसून टाक. हा हो म्हणाला आणि पुसलं नाही. आईचा चष्मा, चपला, सगळं देऊन झालं होतं. तेवढं एक बोट उरलं होतं, ते पुसायला त्याचा हात धजेना.

आता भानगड अशी होती, की दाराचं चुंबकाचं कुलूप वीज असेतोवरच धरायचं. लाईट गेली की दार मोकळं, म्हणजे चोरांना आवतणच. म्हणून मॅनेजरने बॅटरी जोडायला सांगितली. न्यूट्रलने ती खोलीच्या आतल्या भिंतीवर लावली, बाहेरून कुणाला तार कापता येऊ नये म्हणून. यंत्र बॅटरीवर, कुलूप बॅटरीवर. स्वतःवरच खूश होत त्याने व्हरांड्यातला स्विच खाली ओढला.

दिवे गेले. यंत्राची हिरवी खूण तेवढी जळत राहिली आणि कुलूप पक्कं धरून राहिलं. तो वाट बघत उभा राहिला. दार काही उघडेना. मग त्याच्या लक्षात आलं. आतल्या बटणाची तार जवळ पडते म्हणून त्याने जुन्या मेन लाईनवरच घेतली होती. लाईट नाही तर बटणही नाही. घाईघाईने त्याने स्विच वर केला, तरी काहीच झालं नाही. बाहेर डोकावून बघतो तर समोरच्या दुकानातले पंखेही थांबलेले. तेवढ्यात खरोखरच लाईट गेली होती. करायला गेला काय आणि झालं काय!

त्याने स्वतःचं बोट ठेवून बघितलं. वायरी सोलून सोलून बोटांवरच्या रेघा कधीच झिजल्या होत्या. पुन्हा प्रयत्न करा, यंत्र म्हणालं. त्याने सगळी बोटं ठेवून बघितली. मॅनेजरचं बोट चाललं असतं, पण तो जेवायला घरी गेलेला, फोनवर म्हणाला निघालोच. बायकोला दमा. थंडी तिला मुळीच सोसायची नाही आणि शाल तर बाहेर खुर्चीवर पडलेली. बॅटरीची तार उपट, कुठलीही उपट, असं तो दारातून घसा फोडून सांगत होता. पण काळोखात तिला काय सापडणार? आधी थापा जोरात येत होत्या. मग हळू यायला लागल्या आणि मग आल्याच नाहीत.

न्यूट्रलने दाराला डोकं टेकलं. आई असताना जे कधी तोंडातून निघालं नाही, ते निघालं.

“आई, तिला सोड. मला ती हवी आहे गं.”

“धन्यवाद,” यंत्र म्हणालं.

कुलूप खटकन सुटलं. यंत्रापाशी कुणी नव्हतं, अख्ख्या व्हरांड्यात कुणी नव्हतं. पडद्यावर आलं होतं, क्रमांक एक.

बायको बाहेर आली. तिला धाप नव्हती, थरथर नव्हती. त्याने शाल पुढे केली, ती तिने घडी करून परत खुर्चीवर ठेवली. आत काय झालं, बटण कुणी दाबलं, असं त्याने विचारून बघितलं. तिला त्यातलं काही आठवत नव्हतं. भूक लागली असेल तुला, एवढंच ती म्हणाली.

लाईट आली, मॅनेजरही आला. न्यूट्रलने बटणाची तार बॅटरीवर घेतली आणि बायकोला बोट ठेवायला सांगितलं. धन्यवाद, क्रमांक एक. दुसरं बोट ठेवलं, तरी एकच. क्रमांक दोन म्हणून यंत्र तिला ओळखायलाच तयार नव्हतं. नव्याने नोंद करायला गेला, तर हे बोट आधीच नोंदलेलं आहे, म्हणालं. मॅनेजर हसला. म्हणाला, यंत्राला म्हातारचळ लागलाय, जुना नंबर उडव म्हणजे येईल ताळ्यावर.

न्यूट्रलने जुना नंबर पडद्यावर आणला. क्रमांक एक पुसायचा का? हो की नाही? यंत्राने विचारलं. बायको मागे येऊन उभी राहिली होती.

“मला पुसतोस होय रे?” ती अगदी हळू म्हणाली.

त्याने वळून बघितलं. चेहरा बायकोचाच होता, हनुवटीवरच्या तिळासकट. लग्नापासून अहोजाहो करणारी बाई ती. हो म्हटलं तर दोघींतली कोण जाईल, हे त्याला कोण सांगणार होतं? त्याने नाही दाबलं आणि यंत्राचं झाकण लावून टाकलं.

तसं आता घरी सगळं ठीक आहे. तिचा दमा गेला. भांडणंही नाहीत, भांडायला दुसरी उरलेलीच नाही. न्यूट्रलने त्या यंत्राला आणखी मोठी बॅटरी लावली आहे आणि गोदामात जाऊन तो तिची टोकं रोज पुसून येतो. वीज गेली म्हणून यंत्रातल्या नोंदी जात नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक आहे, गिऱ्हाइकांना तो तसं छातीठोक सांगतोही. पण वस्तीतली लाईट गेली की सगळे मेणबत्त्या शोधायला लागतात आणि हा काळोखात आधी बायकोला हाक मारतो, मग कोण ओ देतंय ते ऐकत उभा राहतो.