रस्त्यापलीकडची वर्षं

फ्रीजमधल्या डब्यात बर्फाचे खडे खडखडत पडले, आणि लुएला कपाटाला आणखी चिकटून बसली.

बाहेर ओसरीवर माणूस उभा होता. दार ठोठावून झालं होतं, आता तो नुसता वाट पाहत होता. लुएला स्वयंपाकघरात जमिनीवर, कपाटाला पाठ लावून बसली होती आणि जूनी तिच्या मांडीत. हा त्यांचा उंदराचा खेळ. मांजर दारात आलं की उंदरांनी श्वासही हळू घ्यायचा. जूनी हा खेळ इतका सुंदर खेळायची की लुएलाला तिचं कौतुकही वाटे आणि वाईटही. पाच वर्षांच्या पोरीला इतकं गप्प राहता येऊ नये.

खरं तर आता लपायची गरज नव्हती. तिच्या हिशेबाने तीन वर्षं उलटून गेली होती. पण भीती अंगात मुरली की तिला सांगून थोडंच कळतं!

"आई, आपण अजून उंदीर आहोत?" जूनी कानात कुजबुजली.

"थोडा वेळ, बाळा."

पण बाहेरच्या खोलीत लुएलाची आई, मिस ओपल होती. खुब्याचं हाड नवं बसवून घेतल्यापासून तिला खुर्चीतून उठता येत नव्हतं, पण आवाज शाबूत होता. उन्हातून आलेल्या माणसाला दारात तिष्ठत ठेवायचं आणि घोटभर गोड चहाही विचारायचा नाही, हे तिच्या सात पिढ्यांत कुणी केलं नव्हतं.

"दार उघडंच आहे रे बाबा!" ती ओरडली. "आत ये! लुएला, अगं पाहुणा आलाय, बर्फ घालून चहा आण!"

लुएलाने डोळे मिटले.

माणूस बिचारा घामाने निथळत होता. त्याने टोपी काढली, चहा घेतला, लिंबू छान आहे म्हणाला. मग ओशाळून विचारलं, "लुएला स्ट्रिकलंड आपणच ना?"

"तीच की! माझी एकुलती एक," मिस ओपल अभिमानाने म्हणाली.

त्याने कोर्टाचं पाकीट लुएलाच्या हातात दिलं आणि रिकामा पेला जपून टेबलावर ठेवला. "माफ करा हं, बाई," तो म्हणाला, आणि म्हातारीलाही मान लववून गेला.

"किती संस्कारी मुलगा!" मिस ओपल म्हणाली. "काय देऊन गेला गं?"

"सोफा," लुएला म्हणाली.

तो सोफा तिच्या नवऱ्याच्या, वेडच्या हौसेचा. लग्नानंतर पहिल्या वर्षी दुकानातून उधारीवर आणलेला, सोबत पलंग, आरशाचं कपाट आणि भिंतभर टीव्ही. कागदावर सही मात्र लुएलाची, कारण वेडला उधारी द्यायला कुणी तयार नव्हतं. पुढे वेड सामान ट्रकात घालून टेक्ससला गेला तो गेलाच. सोफा त्याच्याकडे, कर्ज हिच्याकडे. दुकानाने ते कर्ज कुणाला तरी विकलं, त्याने आणखी कुणाला तरी. आता ज्यांनी दावा लावला होता त्यांचं नावही तिने कधी ऐकलं नव्हतं.

डेल्बर्टमामा रविवारी जेवायला आला तेव्हा खो खो हसला. "अगं, त्या कागदात मासे गुंडाळ! मिसिसिपीत कर्जाचा दावा लावायची मुदत तीन वर्षं. शेवटचा हप्ता दिल्यापासून तीन वर्षं तू तोंड उघडलं नाहीस, दमडी दिली नाहीस, की संपलं. मागच्या महिन्यात तुझ्या सुटकेची पार्टी केली ती विसरलीस? अख्खं डुक्कर भाजलं मी!"

"अर्धं," मिस ओपल म्हणाली. "आणि तेही करपवलंस."

त्या पार्टीनंतरच लुएला आईकडे राहायला आली होती. आईला आधार हवा होता, आणि आता लपायचं कारण उरलं नव्हतं. मेम्फिसच्या गोदामातल्या तिच्या पगारावर हे घर चालत होतं. आईच्या पेन्शनीत घराचा हप्ताही जेमतेम निघे. कोर्टाने पगाराचा चौथा हिस्सा कापायला लावला, तर हप्ता थकला असता नाहीतर विजेचं बिल. त्यामुळे मामा हसला तेव्हा तिला त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटला. तरी पाकीट तिने माशांना दिलं नाही. शनिवारी वाचनालयात फुकट सल्ला देणाऱ्या वकील बसत, तिथे ती जूनीला घेऊन गेली.

मिस प्रुइट तरुण होती, केसांत पेन्सिल खोचलेली. जूनी टेबलाखाली रंगीत खडू घेऊन बसली.

"तीन वर्षं होऊन गेलीत," लुएलाने बसल्या बसल्याच सांगितलं. पाठ केलेला धडा म्हणून टाकावा तसं.

"छान," मिस प्रुइट तारखा पाहत म्हणाली. "मग आपण तेच उत्तर देऊ. या सगळ्या काळात राहायला कुठे होतात?"

"पहिलं वर्ष आईकडे. मग रस्त्यापलीकडे."

"कुठल्या रस्त्यापलीकडे?"

"राज्याच्या सीमेवरच्या. आईच्या घरासमोरच. आई दारातून हाक मारायची तर मला ऐकू यायची." लुएला हसली. त्यांच्याकडे सगळ्यांचंच असं. पेट्रोल इकडे स्वस्त म्हणून इकडे भरायचं, कामाला तिकडे जायचं, पगारावर राज्याचा कर तिकडे नाही म्हणून भाड्याचं घर तिकडे बघायचं. सीमा म्हणजे मधोमध पिवळा पट्टा, त्यावर खड्डे. दोन्ही राज्यांनी एकमेकांवर ढकललेले.

मिस प्रुइट हसली नाही. "म्हणजे टेनेसीत. गाडीची नंबराची पाटी बदलली होती?"

"हो तर! लायसन्स, पाटी, मतदान, सगळं रीतसर," लुएला जरा तोऱ्यातच म्हणाली. आयुष्यात एक गोष्ट तिने वेळेवर आणि नीट केली होती.

मिस प्रुइटने केसांतली पेन्सिल काढली आणि परत खोचली.

"लुएला, नीट ऐका. मिसिसिपीतली ती तीन वर्षं तुम्ही मिसिसिपीत असतानाच मोजली जातात. राज्य सोडून राहायला गेलात की मोजणी थांबते, परत आलात की पुढे सुरू. समोरचा वकील हेच म्हणणार, की मधली वर्षं धरायची नाहीत. तसं झालं तर तुमचं जेमतेम सव्वा वर्ष भरलंय."

"पण मी तर समोर होते! आमची कचऱ्याची गाडीसुद्धा..."

"माहितीये."

"मग परत आलेच नसते तर?"

"तिकडची मुदत सहा वर्षांची. तिकडे दावा लागला असता."

"म्हणजे इकडे आले तरी अडकले, तिकडे राहिले तरी अडकले."

"तुम्ही लपला नव्हतात, तिकडेही तुम्हाला गाठता येत होतं, असं आपण मांडू. कधीकधी न्यायाधीश ऐकतात. पण खोटी आशा मी दाखवणार नाही. मुदतीत उत्तर मात्र द्यायचंच. ते चुकलं तर न मांडताच हरलात."

लुएलाने मान डोलावली. खिडकीबाहेर गाड्या पिवळा पट्टा ओलांडून इकडून तिकडे, तिकडून इकडे चालल्या होत्या, कुणाचं काही थांबत नव्हतं.

घरी मामा येऊन बसलाच होता. ऐकून त्याचा चेहरा पडला, पण हार मानणं त्याच्या रक्तात नव्हतं. "मला काय ठाऊक, रस्ता ओलांडला की घड्याळ बंद पडतं? मी तर रोज बियर आणायला जातो!"

"म्हणूनच तू म्हातारा होईनास," मिस ओपल म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "मीच त्याला आत बोलावलं गं. माझीच मेली जीभ नडली."

"त्याने काही फरक पडला नसता, आई. तो उद्या आला असता."

"निदान मी म्हटलं नसतं, तूच ती म्हणून."

लुएलाने आईच्या पायांवरची शाल सारखी केली. तिला भाजलेल्या मांसाचा धूर आठवला, आणि सामान उचलून रस्ता ओलांडताना किती हलकं वाटलं होतं तेही. आईसाठी आले, हे खरं होतं. आईसाठी आले नसते तरी यातून सुटका नव्हती. ती सिंकपाशी गेली, नळ सोडला आणि धुवायला काही नसताना हात धूत राहिली.

जूनी मागून आली. टेबलाखाली बसून तिने सगळं ऐकलं होतं. पोरीचे कान आजीवर गेले होते.

"आई, त्या बाई म्हणाल्या, तिकडची वर्षं धरायची नाहीत."

"ते मोठ्यांचं असतं, बाळा."

जूनीने बोटं उघडली, मिटली, परत उघडली. कपाळावर आठी घालून आईच्या ओल्या हातांकडे पाहिलं.

"पण मी तीनची, चारची आणि पाचची तिकडेच झाले ना," ती म्हणाली. "मग मी आता किती वर्षांची?"