लुईस घरी आला

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, उषा सोनगीरला माहेरी आली, तेव्हा कडूनिंबाला झोका टांगलेला होता आणि ओट्यावर नवी घागर कोरडीच पडली होती.

"नानांना तुम्हीच सांगा, ताई," वृषाली वहिनी म्हणाली. तिचं काय चुकलं? गेलेल्या माणसाच्या नावानं आखाजीला घागर भरायची, वर खरबूज अन् सांजोरी ठेवायची. उषाचा भाऊ गोपाल ट्रक घेऊन इंदूरकडे निघाला होता. वाटेतल्या हॉटेलात खाटेवर आडवा झाला तो उठलाच नाही. त्याच्यामागची ही पहिली आखाजी. पण उषाचे वडील, नाना, दारात येईल त्याला एकच सांगायचे, "गोपाल इंदूरले जायेल शे."

उषा झोक्यावर जाऊन बसली. इथेच नाना दोघा भावंडांना लुईसची गोष्ट सांगायचे. भूगोलाचे मास्तर ते. गोष्टीतही आधी नद्या, माणसं मागून. दोनशे वर्षांपूर्वीचा हा लुईस अख्खी अमेरिका तुडवून पार पलीकडच्या समुद्राला हात लावून आला, आणि पुढे रानातल्या एका मुक्कामी त्याला गोळी लागली. इथे उषा हमखास भोकाड पसरायची. मग नाना घाईघाईनं म्हणायचे, अगं, गोळी खांद्याला चाटून गेली! लुईस घरी आला, आईनं पाला वाटून जखमेवर बांधला, आणि म्हातारा होईस्तोवर तो पोरांना नद्यांची नावं शिकवत ओट्यावर बसला. ओटा अर्थातच सोनगीरचा! कॉलेजात खरं कळलं तेव्हा उषा नानांवर केवढी चिडली होती. आज मात्र तिला त्या खोट्या लुईसची फार आठवण येत होती.

नाना येऊन शेजारी टेकले. उषा त्यांची समजूत घालायला गेली. तोंडातून निघालं ते भलतंच.

"नाना, लुईसले गोळी लागनी ना, ती खांदाले चाटीसन गई. तो घर उना. त्यानी मायनी पाला वाटीसन..."

नानांनी पायानं झोका थांबवला. त्यांचे डोळे भरले होते.

"तो घर नई उना, बेटा. तठेच मरी गया. तू रडे म्हणीसन मी त्याले जगाडा."

उषा लहानपणीसारखीच हमसून रडली. ह्या खेपेला नानांनी गोष्ट बदलली नाही. ते उठले, वृषालीच्या हातातून पाण्याची कळशी घेतली आणि गोपालचं नाव घेऊन घागर भरली.